वर्डमधला फ्लोचार्ट पुन्हा पुन्हा विस्कटतो? आधी कॅनव्हास टाका

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फ्लोचार्ट काढला, चौकोन आणि बाण नीट जुळवले, फाइल सेव्ह केली. मग मार्गदर्शक सरांनी प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवायला सांगितला. तो वाढवला आणि आकृतीचे दोन चौकोन एका पानावर, तीन पुढच्या पानावर, आणि बाण मधल्या मजकुरावर आडवे. पुन्हा तासभर बसून सगळं जागेवर आणलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, झेरॉक्सच्या दुकानात उघडली, तर परत तेच. यावर लोक व्हर्जनला दोष देतात, दुकानदाराला देतात, काही जण व्हायरसपर्यंतही पोचतात. वर्ड मात्र सांगितल्याप्रमाणेच वागत असतो. आपण त्याला नक्की काय सांगितलं, तेवढं आपल्याला दिसत नाही.

वर्डला आपली आकृती ‘एक आकृती’ म्हणून माहीतच नसते. इन्सर्टमधून शेप्समध्ये जाऊन सात चौकोन आणि सात बाण काढले, की वर्डच्या लेखी त्या चौदा सुट्या वस्तू होतात. त्यातली प्रत्येक वस्तू जवळच्या कुठल्यातरी परिच्छेदाला बांधलेली असते. या बांधणीला अँकर म्हणतात. परिच्छेद खाली सरकला की त्याला बांधलेली वस्तूही खाली जाते, आणि अँकर ज्या पानावर असेल त्याच पानावर ती वस्तू राहते.

आता आपण आकृतीसाठी जागा कशी करतो ते बघा. दहा-बारा एंटर मारतो आणि त्या रिकाम्या ओळींवर चौकोन मांडतो. म्हणजे पहिला चौकोन दुसऱ्या रिकाम्या ओळीला बांधला, तिसरा सहाव्या ओळीला, एखादा बाण थेट वरच्या मजकुराच्या परिच्छेदाला. या ओळी पानाच्या कडेला येऊन दोन पानांत विभागल्या, की आकृतीही विभागली जाते. ‘चौकोन आपोआप गायब झाला’ या तक्रारीचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. जास्तीची रिकामी ओळ म्हणून एक एंटर खोडला, त्याच ओळीला चौकोन बांधलेला होता, तोही गेला. असं झालं तर लगेच कंट्रोल-झेड दाबा, परत येतो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर होम टॅबवरचं परिच्छेदाचं चिन्ह, ते उलट्या पीसारखं दिसणारं, चालू करा आणि एकेका चौकोनावर क्लिक करत जा. डाव्या समासात छोटा नांगर दिसेल. प्रत्येक क्लिकला नांगर वेगवेगळ्या ओळीसमोर उडी मारतो. हे एकदा बघितलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर काहीही न बदलता आकृती का हलते, याचं उत्तरही हेच आहे. तिथे तुमचा फॉन्ट नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, त्याच्या ओळीची उंची वेगळी असते, आणि पानभर मजकुरात तो फरक साठत जाऊन परिच्छेद सरकतात. देवनागरीत हे जास्त जाणवतं. मंगलची ओळ चांगली उंच असते, कोकिळा किंवा अपराजिताची बरीच आटोपशीर. त्यात फाइल लेटर आकाराच्या पानावर केलेली असेल आणि छापताना कुणी ए-फोर निवडला, तर विचारायलाच नको.

उपाय: कॅनव्हास, तोही ओळीत

उदाहरण म्हणून ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा फ्लोचार्ट घेऊ. डिप्लोमाच्या सिव्हिलवाल्यांच्या आणि शाळेतल्या प्रकल्पवह्यांतही तो हमखास असतो. जॅकवेल (पाणी उचलायची विहीर), वायुवीजन, तुरटी आणि निवळण टाकी, वाळूचा फिल्टर, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), जलकुंभ, आणि शेवटी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट. टेस्टमध्ये रंग पिवळा आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी ठीक. नाही आला तर बाण परत टीसीएलकडे. म्हणजे एक सरळ साखळी आणि एक मागे वळणारा बाण.

कर्सर एका स्वतंत्र रिकाम्या ओळीवर ठेवा. एकच ओळ, दहा एंटर नकोत. इन्सर्ट, मग शेप्स, आणि उघडलेल्या यादीत अगदी तळाशी जा. तिथे ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ असतं. यादी लांब असल्यामुळे तिथपर्यंत कुणी जातच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. क्लिक केलं की मजकुराच्या रुंदीची एक रिकामी चौकट येते. तिच्या कडेला लेआउट ऑप्शन्सचं बटण दिसेल. त्यात ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडलेलं आहे ना, एवढं बघा. सहसा असतंच.

या चौकटीच्या आत काढलेलं सगळं चौकटीबरोबर हलतं. आणि चौकट ‘ओळीत’ असल्यामुळे वर्ड तिला एका मोठ्या अक्षरासारखं वागवतो. वर दोन परिच्छेद वाढले तर अख्खी आकृती एकसंध खाली जाते, पानावर मावली नाही तर अख्खी पुढच्या पानावर जाते, पण फुटत नाही. मध्ये आणायची तर कंट्रोल-ई, जशी ओळ मध्ये आणतो तशीच.

जुन्यांना आठवत असेल, वर्ड २००३ मध्ये शेप काढायला गेलं की ही चौकट आपोआप यायची. तेव्हा सगळे तिच्यावर वैतागायचे आणि पहिलं काम म्हणजे ती बंद करायचे. २००७ पासून ती आपोआप येणं थांबलं, आणि तेव्हापासून आकृत्या मोकळ्या सुटल्या. ती सवय परत हवी असेल तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये एडिटिंगच्या भागात ऑटोशेप घालताना ड्रॉइंग कॅनव्हास आपोआप बनवण्याची टिकखूण आहे, ती लावा. ज्यांचं रोजचं काम आकृत्यांचं आहे त्यांनी लावावीच. वर्षातून एखादा चौकोन काढणाऱ्याला ती त्रासदायक वाटेल.

आकृती पुरी झाली की कॅनव्हासच्या कडेवर उजवी क्लिक करून ‘फिट’ म्हणा. खाली-बाजूला उरलेली रिकामी जागा निघून जाते.

बाण चिकटत का नाहीत

चौकोन हलवला की बाण जागेवरच राहतो, ही दुसरी मोठी डोकेदुखी. याचंही कारण कॅनव्हास नसणं हेच आहे. पॉवरपॉइंट आणि एक्सेलमध्ये बाण चौकोनाला कॅनव्हासशिवायच चिकटतो. वर्डमध्ये चिकटवायचा भरवशाचा मार्ग म्हणजे दोघेही कॅनव्हासच्या आत असणं. बाहेर काढलेला बाण चौकोनाला कितीही टेकवून ठेवा, तो नुसता शेजारी पडलेला असतो.

कॅनव्हासमध्ये लाइन्सच्या गटातला बाण निवडा आणि माउस ‘जॅकवेल’ लिहिलेल्या चौकोनावर न्या. चारही बाजूंच्या मध्यावर ठिपके उगवतील. खालच्या ठिपक्यावर दाबून धरा, ओढत ‘वायुवीजन’च्या वरच्या ठिपक्यावर आणा, सोडा. वर्ड २०१३ किंवा नंतरचं असेल तर जोडलेलं टोक हिरवं दिसतं, २००७-२०१० मध्ये लाल दिसायचं. पांढरं दिसलं तर समजा टोक हुकलंय. खात्री करायला चौकोन जरा बाजूला ओढून बघा, बाण मागोमाग आला पाहिजे.

मागे वळणाऱ्या बाणासाठी सरळ बाण घेऊ नका, तो मधल्या चौकोनांच्या पोटातून जातो. कोपऱ्यात काटकोनात वळणारा ‘एल्बो’ बाण घ्या. ओटी टेस्टच्या चौकटीच्या उजव्या ठिपक्यावरून सुरू करून टीसीएलच्या उजव्या ठिपक्यावर संपवा. म्हणजे तो बाजूने फिरून वर जाईल. मध्ये एक पिवळा ठिपका दिसतो, तो ओढला की बाण चौकोनांपासून किती लांबून फिरवायचा ते ठरवता येतं. ‘होय’ आणि ‘नाही’ यांसाठी छोटा टेक्स्ट बॉक्स, तोही कॅनव्हासच्या आतच, आउटलाइन काढून टाकलेला.

सगळे चौकोन एका रेषेत आणायला डोळ्यांचा भरवसा धरू नका. शिफ्ट दाबून सगळे निवडा, शेप फॉरमॅटमध्ये अलाइन उघडा, आधी ‘अलाइन सेंटर’, मग ‘डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकली’. बाण चिकटलेले असतील तर तेही आपोआप सरळ होतात, आणि इथेच ते चिकटवल्याचं सार्थक होतं.

पॉवरपॉइंटवरून आलेल्यांसाठी एक सूचना. तिथे हात बसलेले शॉर्टकट इथे दगा देतात. कंट्रोल-डी दाबलं की चौकोनाची नक्कल होत नाही, फॉन्टची खिडकी उघडते. कंट्रोल-जी दाबलं की ग्रुप होत नाही, ‘गो टू’ उघडतं. नक्कल हवी तर कंट्रोल दाबून चौकोन ओढा, सरळ रेषेत नक्कल हवी तर कंट्रोलसोबत शिफ्टही.

आकृती आधीच काढून झाली आहे, सबमिशन उद्यावर आहे

मग पुन्हा काढत बसू नका. होम टॅबच्या उजव्या टोकाला सिलेक्ट असतं, त्यात ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ घ्या. आता माउसने आकृतीभोवती चौकट ओढली की आतल्या सगळ्या वस्तू एकदम निवडल्या जातात. काम झाल्यावर एस्केप दाबायला विसरू नका, नाहीतर मजकुरात कर्सरच जाणार नाही. एखादी वस्तू मजकुराच्या मागे लपलेली असेल तर ऑल्ट-एफ-१० दाबा. सिलेक्शन पेन उघडतं आणि पानावरच्या सगळ्या वस्तूंची यादी मिळते. कधीकाळी चुकून काढलेल्या अर्ध्या सेंटीमीटरच्या रेघाही तिथे सापडतात.

निवडलेल्या आकृतीवर उजवी क्लिक, ग्रुप. मग त्या ग्रुपच्या लेआउट ऑप्शन्समध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. एवढ्याने ती फुटायची थांबते. बाण चिकटलेले नसतात, पण सबमिशनपुरतं चालून जातं.

ग्रुपचं बटण फिकट दिसत असेल तर निवडलेल्यांपैकी एखादी वस्तू, बहुधा मध्ये टाकलेला फोटो, आधीच ‘ओळीत’ असते. तिला तात्पुरतं ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ करा, मग ग्रुप होईल. वर शीर्षकपट्टीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल तर फाइल, इन्फो, कन्व्हर्ट करून बघा. कॉलेजचा जुना नमुना पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आला असेल तर तो हमखास जुन्या डॉक फॉरमॅटमधला असतो.

वेळ असेल तर सगळं निवडून कंट्रोल-एक्स, नवा कॅनव्हास, त्यात क्लिक करून कंट्रोल-व्ही. मग बाणांची टोकं एकेक करून ठिपक्यांवर ओढा.

चौकोनातली अक्षरं कापली जातात

हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यांना जास्त सतावतो. समभुज चौकट, म्हणजे निर्णयाचा तो पतंगासारखा आकार, यात तो सर्वात वाईट. कारण आकड्यांत बघा. या आकारात वर्ड मजकुराला जागा देतो ती मधल्या आयताची, आकाराच्या अर्ध्या रुंदीची आणि अर्ध्या उंचीची. चौकट ४ सेंटीमीटर रुंद आणि २.५ सेंटीमीटर उंच काढली, तर मजकुराला मिळतात २ बाय १.२५. त्यातून डावी-उजवीकडे ०.२५ आणि वर-खाली ०.१३ सेंटीमीटर आतला समास जातो. उरलं दीड बाय साधारण एक. १२ पॉइंटच्या मंगलची एकच ओळ त्यात मावते. आणि आपण त्यात लिहायला जातो ‘नळाच्या पाण्यात पुरेसा क्लोरीन शिल्लक आहे काय?’

त्यात भर म्हणजे परिच्छेदाखालची मोकळी जागा. वर्ड २०१३ पासून साध्या परिच्छेदानंतर ८ पॉइंट जागा आपोआप सुटते, आणि चौकोनातला मजकूरही तोच नियम पाळतो. म्हणून ‘मध्ये’ केलेला मजकूरही जरा वर चढलेला वाटतो.

तर आधी मजकूर निवडून पॅराग्राफमध्ये ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही शून्य करा, लाइन स्पेसिंग ‘सिंगल’. ‘एक्झॅक्टली’ कधीच ठेवू नका. इंग्रजीला १२ पॉइंट पुरतात, देवनागरीत त्याच मापात वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात, ‘शुद्धीकरण’सारख्या शब्दाची तर दोन्हीकडून दैना होते. मग आकारावर उजवी क्लिक, फॉरमॅट शेप, लेआउट अँड प्रॉपर्टीज, टेक्स्ट बॉक्स, आणि चारही समास शून्य. तरीही मावलं नाही तर वाक्य कापा. ‘रंग पिवळा?’ एवढं पुरे आहे. ओटी टेस्ट म्हणजे काय आणि किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन का लागतो, ते खालच्या परिच्छेदात लिहायचं असतं, चौकटीत नाही.

चौकोनावर वेगळा टेक्स्ट बॉक्स ठेवून त्यात लिहिणारे खूप आहेत. वस्तूंची संख्या दुप्पट होते, बाकी काही साधत नाही. चौकोनावर उजवी क्लिक करून ‘अ‍ॅड टेक्स्ट’ म्हणा आणि आतच लिहा.

‘भरलेला रंग पांढरा केला तर अक्षरंच गेली’ असंही विचारलं जातं. गेली नाहीत. वर्डचा तयार चौकोन निळा आणि त्यावरची अक्षरं पांढरी असतात. चौकोन पांढरा केला की पांढऱ्यावर पांढरं. अक्षरांचा रंग काळा करा. निळा रंग तसाही काढूनच टाकावा, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये त्याची मळकट राखाडी होते. एक चौकोन मनासारखा करा, पांढरा, १ पॉइंटची काळी कड, काळी अक्षरं, आणि त्यावर उजवी क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट शेप’ म्हणा. त्या फाइलमध्ये पुढचे सगळे चौकोन तसेच येतील. बाणांचं वेगळं करावं लागतं.

आकृतीची नुसती एक पट्टी दिसते

कॅनव्हास किंवा ग्रुप ‘ओळीत’ आणला आणि सगळी आकृती नाहीशी होऊन फक्त पातळ पट्टी उरली, तर घाबरू नका. त्या ओळीचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ आहे, म्हणून वर्डने आकृतीला एका ओळीएवढीच उंची दिली. तिथे कर्सर ठेवून ‘सिंगल’ करा, पूर्ण दिसेल. युनिव्हर्सिटीच्या ठरावीक नमुन्यात लिहिणाऱ्यांना हे हटकून होतं.

तिथेच पॅराग्राफच्या ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ला खूण करा, म्हणजे ‘आकृती ३’ ही ओळ आकृतीला सोडून पुढच्या पानावर एकटी जाणार नाही.

दुसऱ्याला पाठवताना

छापायला किंवा तपासायला पाठवायचं असेल तर पीडीएफ पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉकएक्स पाठवून सर ती मोबाइलवर उघडणार असतील, तर आकृती जशीच्या तशी दिसेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. समोरच्याने त्यात दुरुस्ती करायची असेल तरच वर्डची फाइल द्या, आणि सोबत पीडीएफही द्या, म्हणजे मूळ कसं होतं ते त्याला कळेल. फॉन्ट युनिकोडच हवा. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये चौकोन भरलेत आणि दुसऱ्याकडे तो फॉन्ट नाही, तर ‘जलकुंभ’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह मध्ये फॉन्ट फाइलमध्येच बांधून देण्याची सोय आहे, ती वापरा. फाइल जरा जड होते.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी आकृती रायटरमध्ये न काढता ड्रॉमध्ये काढावी, तिथले कनेक्टर व्यवस्थित चिकटतात. मग रायटरमध्ये आणून अँकर ‘अ‍ॅज कॅरेक्टर’ ठेवा, ते वर्डच्या ‘इन लाइन’सारखंच आहे. गूगल डॉक्समध्ये इन्सर्ट, ड्रॉइंग, न्यू केलं की वेगळी खिडकी उघडते आणि सगळी आकृती एकच वस्तू म्हणून मजकुरात येते, त्यामुळे विस्कटण्याचा प्रश्न तिथे मुळातच कमी.

आकृती वीस-पंचवीस चौकोनांची होणार असेल तर माझं स्पष्ट मत, वर्डच्या नादी लागू नका. पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर काढा, ग्रुप करा, कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट स्पेशलने पीएनजी चित्र म्हणून टाका. हव्या त्या मापातच टाका, नंतर ओढून मोठं केलं तर अक्षरं धूसर होतात. स्लाइडची फाइल मात्र जपून ठेवा, कारण चित्रातली चूक वर्डमध्ये दुरुस्त करता येत नाही.

स्क्रीनवर दिसते, कागदावर येत नाही

फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले उघडा. छपाईच्या भागात वर्डमध्ये काढलेल्या आकृत्या छापण्याची टिकखूण असते. शाई वाचवायला किंवा जुना प्रिंटर भराभर चालावा म्हणून कुणीतरी ती काढून ठेवलेली असते. याच्या उलट, स्क्रीनवरच दिसत नसेल तर आधी व्ह्यू बघा. ड्राफ्टमध्ये मोकळ्या आकृत्या दिसतच नाहीत, प्रिंट लेआउटवर या. तरीही नाही दिसली तर ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली आकृत्या आणि टेक्स्ट बॉक्स स्क्रीनवर दाखवण्याची खूण तपासा. छपाईची ती सेटिंग त्या कॉम्प्युटरची असते, म्हणून तीच फाइल शेजारच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित छापली जाते.